खणावरचा दुसरा हात

साहेबांनी मास्तरांना फसवलं. शब्द देऊन फसवलं, आणि तो शब्द त्यांनी माझ्यासमोर दिला होता. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे साहेब आणि मधे मास्तरांनी लिहिलेल्या प्रोग्रामचे कागद. "मास्तरांना विचारल्याशिवाय यातली एक ओळ बदलणार नाही," असं म्हणून साहेबांनी कागद आपल्याकडे ओढले. पुढे त्यांनी ओळी काढल्या, आणि त्यातून जे झालं त्याचं खापर मास्तरांवर फोडलं. मी हे लिहून ठेवतो आहे, कारण बोलून झालं. बोलताना माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की लोक ऐकायचं सोडून मला पाणी आणून देतात.

मी मूळचा वेल्ह्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. नसरापूरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण त्यावर माझं भागलं नाही. मग मुंबई-पुण्याच्या लिलावांना जायला लागलो. जुनी यंत्रं उचलायची, चालती करायची आणि विकायची. लिलावात मी बोली लावायला उभा राहिलो की बाकीचे व्यापारी कपाळावर आठ्या घालायचे. याचा मला अजून अभिमान आहे.

अशाच एका लिलावात मला एक प्रिंटर मिळाला. कॉम्प्युटरला जोडायचा, परदेशी बनावटीचा, कपाटाएवढा. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेला माणूस आमच्याकडे शोधून सापडला नसता. पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत मात्र एक होता, आणि त्यांचा प्रिंटर मोडून पडला होता. मी माझा त्यांच्या गळ्यात मारला. तिथले मुख्य साहेब हुशार माणूस. ते म्हणाले, "आमच्या मशीनवर चालवून दाखवा. मग ताब्यात घेतला अशी सही देतो."

तो चालेना. बिघाड काही नव्हता. कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांची ओळखच नव्हती. मशीनला कुठलंही उपकरण जोडलं की ते हाकायला मशीनच्या आत एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यांच्या मशीनसाठी कुणी लिहिलेलाच नव्हता. तो लिहिणारा माणूस मी पुण्यात शोधत होतो, तेवढ्यात एका एसटी कंडक्टरनं सांगितलं, "भोरला बघा की. तितं एक मास्तर हाईत, त्ये मुंबईत कॉम्प्युटरवरच व्हते."

मास्तर भोरच्या बौद्ध वस्तीतले. त्या वस्तीतले पहिले एम.एस्सी. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत सहा-सात वर्षं कॉम्प्युटरवर काम करून परत आले होते आणि गणिताच्या शिकवण्या घेत होते. तिथली नोकरी का सोडली, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. असलं विचारायला मी लाजत नाही.

"खालच्यानं केल्यालं काम वरचा आपल्या नावानं पुढं धाडायचा," मास्तर म्हणाले. "म्या विचारलं, असं का? मग तितं ऱ्हायलो न्हाई."

"आन माझं काम कराल?"

"करीन. पैशाचं तुमी ठरवा. माझी अट एकच. म्या लिवल्यालं मला विचारल्याबिगर कुणी बदलायचं न्हाई."

एवढ्या झटपट मी उभ्या आयुष्यात कुठलाही सौदा पक्का केला नव्हता. फुकटची अट, असं वाटलं मला.

मास्तर उंच, वाकलेले, कायम इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. इंग्रजी अस्खलित बोलायचे, पण कचेरीतल्या साहेबांसमोर मुद्दाम भोरचं बोलायचे. साहेब शुद्ध पुणेरीत विचारायचे, "आपलं शिक्षण कुठं झालं?" मास्तर सांगायचे, "हितं थोडं, तितं थोडं." मी एकदा म्हटलं, मास्तर, जरा रुबाबात सांगा की. ते म्हणाले, "ज्याला माझं काम वाचता येतं, त्याला माझी डिग्री लागत न्हाई. ज्याला वाचता येत न्हाई, त्याला ती पुरत न्हाई."

त्यांच्या सवयी सांगितल्या तर लोकांना खोट्या वाटतात. भोरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात एक वर्तमानपत्र यायचं आणि त्याची पानं सुटी करून चार टेबलांवर वाचली जायची. मास्तर पान उलटायच्या आधी वाकून पलीकडे पाहायचे, समोरचा माणूस पाठची बाजू वाचतोय का. वाचत असला तर तो मान वर करेपर्यंत थांबायचे. एकदा समोरचा गृहस्थ त्याच पानाची पलीकडची कड धरून तसाच झोपी गेला. मास्तर वीस मिनिटं थांबले. शेवटी हॉटेलमालक ओरडला, "अवो मास्तर, त्यो घोरतोय!"

"घोरतोय, पर पान सोडलं न्हाई त्यानं," मास्तर म्हणाले.

आणखी एक सांगतो. भोरच्या स्टँडवर एसटी रिकामी झाली आणि ड्रायव्हर ती धुवायला मागे घ्यायला लागला. मास्तर पळत जाऊन गाडीमागे उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या द्यायला लागला. मास्तर म्हणाले, "बावीस चढलेत. एकवीस उतरलेत. म्या ह्याच गाडीनं आलोय, मोजलेत." आत जाऊन पाहिलं तर शेवटच्या बाकाखाली एक आजीबाई सांडलेल्या शेंगा गोळा करत होत्या. गावभर हसू झालं. मास्तरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांच्या कामाची रीतही अशीच. लाल-निळी पेन्सिल मिळते ना, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी, तिच्यानं ते प्रोग्राम लिहायचे. मशीनकडून मेमरीतली जागा मागून घेणारी ओळ लाल, ती जागा परत करणारी ओळ निळी, बाकी सगळं साध्या शाईत. काम संपत आलं की पेन्सिल आडवी धरून दोन्ही टोकं बघायचे. "लाल जास्त झिजलं तर कुटंतरी घेतलंय आन दिलं न्हाई. निळं जास्त झिजलं तर त्याहून वंगाळ. जे आपल्याजवळ न्हाईच ते सोडलंय." मी हसलो, तर त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही.

मेमरी म्हणजे काय, हे मला त्यांनी माझ्याच दुकानात शिकवलं. त्या मशीनची मेमरी एवढीशी, आणि ती सगळ्यांत वाटून घ्यायची. तिच्या तुकड्यांना मास्तर खण म्हणायचे. त्यांनी माझी व्हॉल्व्हची रिकामी खोकी काउंटरवर मांडली. शेजारच्या टेलरला बोलावून सांगितलं, "तुमी प्रोग्राम." मला म्हणाले, "शेठ, तुमी प्रिंटर. तुमाला लई हळू वाचता येतं."

"ते खरंच हाय," टेलर म्हणाला.

टेलरनं एका खोक्यात चिठ्ठी टाकायची. मी तीतलं एकेक अक्षर वाचून मोठ्यानं म्हणायचं. मास्तर म्हणाले, "आता ध्यान द्या. चिठ्ठी टाकून प्रोग्राम मोकळा झाला, त्यो दुसऱ्या कामाला लागला. त्याचा हात खणावरनं उठला. मग खण मोकळा झाला का?"

"झाला की."

"न्हाई. प्रिंटर अजून वाचतोय. खणावर दोन हात अस्त्यात. एक उठला म्हनून खण मोकळा होत न्हाई. दुसराबी उठला पायजे. आन दुसरा उठलाय का, हे ज्याचा हात हाय त्यालाच इचारायचं."

मग त्यांनी आम्हा दोघांकडून तासभर हेच करून घेतलं. टेलर चिठ्ठी टाकायचा, मी वाचायचो, संपलं की "झालं" म्हणायचो आणि मगच मास्तर खोकं उचलायचे. मधेच टेलरनं "माझं काम रद्द" असं म्हणायचं. तरी मास्तर खोक्याला हात लावायचे नाहीत. प्रिंटर घेतलेली ओळ पुरी करूनच थांबतो. तोवर खण त्याचा. मी वैतागून चिठ्ठी न वाचताच "झालं" म्हटलं, तर ते भडकले. "शेठ, यंत्र खोटं बोलत न्हाई. तुमीबी बोलू नका."

महिन्याभरात ड्रायव्हर तयार झाला. मास्तर सकाळच्या एसटीनं पुण्याला जायचे. कचेरीतले लोक जेवायला उठले की तेवढाच वेळ त्यांना मशीन मिळायचं. बाकी दिवस बाहेरच्या बाकावर. एके दिवशी प्रिंटर खडखडला आणि कागदावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत ओळी उमटल्या. ऑपरेटर टाळ्या वाजवायला लागले. मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून दोन्ही टोकं पाहिली आणि परत खिशात ठेवली.

मला वाटलं, सही मिळाली. साहेबांनी ती तीन महिने दिली नाही, आणि सहीशिवाय माझे पैसे निघत नव्हते.

त्याला कारण घडलं. कागद अडकला की ऑपरेटर प्रिंटरचं भिंतीवरचं मेन बटण खटकन बंद करायचे. मोटारीला किंवा पिठाच्या गिरणीला करतात तसं. प्रिंटरवर थांबवायचं वेगळं बटण होतं. ते दाबलं की तो ओळ पुरी करून "झालं" असा इशारा मशीनला देऊन थांबायचा. मेन बंद केलं की इशारा देणार कोण? ड्रायव्हर बिचारा वाट बघत बसायचा, आणि तो खण अडकलेला राहायचा. दिवसातून पाच-सात वेळा असं झालं की खण संपायचे आणि मशीन उभं राहायचं. साहेब मला म्हणाले, "तुमच्या मास्तरांचा प्रोग्राम जागा अडवून बसतो."

मी मास्तरांना म्हटलं, "दहा मिनटं वाट बघून सोडून द्या की खण."

"घड्याळाला काय ठावं, प्रिंटरच्या पोटात काय चाललंय?"

"अवो, मेन बंद केल्यावर काय चालणार पोटात?"

"मेन बंद केलाय का कागद अडकलाय का तार निसटलीय, ड्रायव्हरला कसं कळणार? अंदाजानं सोडायचं न्हाई. मला इचार करू द्या."

हट्टी माणूस. या हट्टाचा मला तेव्हा संताप यायचा, हे मी लपवत नाही. ते विचार करत बसले आणि इकडे साहेबांनी मला बोलावून घेतलं. "प्रोग्रामचे मूळ कागद द्या, मी आज सही करतो," ते म्हणाले. मी म्हटलं, मास्तरांची अट आहे. तेव्हा त्यांनी तो शब्द दिला. एक ओळ बदलणार नाही, विचारल्याशिवाय. मी कागद दिले. सही घेतली.

संध्याकाळी भोरला जाऊन मास्तरांना सांगितलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "लिवून घेतलं का?"

"न्हाई. शब्द दिलाय त्यांनी."

"मोडक्या रेडिओची पावती मागता तुमी, शेठ."

त्यानंतर आठवड्याभरातच मास्तरांना उपाय सापडला. मेन बंद करून पुन्हा चालू केलं की प्रिंटर स्वतःहून "तयार आहे" असा इशारा देतो. तो इशारा आला म्हणजे आधीचं सगळं त्याच्या हातातून सुटलं. त्या क्षणी त्याच्या नावचे सगळे खण मोकळे करायचे. अंदाज नाही, घड्याळ नाही, प्रिंटरलाच विचारायचं. नऊ ओळी होत्या. मी त्या स्वतः नेऊन साहेबांच्या हातात दिल्या. साहेब म्हणाले, "आता गरज नाही, आमचं मशीन व्यवस्थित चालू आहे." मी खूश होऊन परत आलो. मशीन व्यवस्थित का चालू आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. दुसऱ्याच्या मालात खोट शोधणारा मी, तिथं माझी अक्कल गहाण पडली होती.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यात यादी आली. धरणासाठी जमिनी गेलेल्यांची. माणसाचं नाव, गाव, सर्व्हे नंबर. पर्यायी जमीन या यादीवरून मिळणार होती. यादी पुण्याच्या त्याच मशीनवर, त्याच प्रिंटरवर छापलेली. मी छाती काढून लोकांना सांगत होतो, हा प्रिंटर माझा.

माझी चुलती विधवा. तिची जमीन पाण्याखाली गेली होती. वेल्ह्याच्या कचेरीत तिचं नाव लाल रेघेनं खोडलं. अव्वल कारकुनानं सांगितलं, बाईच्या नावापुढं गाव दुसरंच आहे, आणि तिथला जो सर्व्हे नंबर आहे तो त्या गावच्या दुसऱ्याच एका माणसाच्या नावावर आहे. बाई त्या गावची नाही. म्हणजे बोगस.

काकी माझ्या दुकानात येऊन बसली. रडली नाही. "मला एवढं सांग," ती म्हणाली, "मी त्या गावात कवा गेले व्हते? मशीनला ठावं हाय आन मला ठावं न्हाई, असं कसं?"

मी कचेरीत जाऊन आरडाओरडा केला. कारकून म्हणाला, "माणूस चुकंल. हे मशीनचं हाय." तेव्हा मी मास्तरांना घेऊन गेलो.

मास्तरांनी यादी हातात घेतली. बोटानं ओळी वाचत खाली आले आणि काकीच्या ओळीवर थांबले. मग कागद उचलून उन्हात धरला. काकीच्या ओळीच्या बरोबर खाली कागद कापून दुसरा तुकडा डिंकानं चिकटवला होता.

"हितं जोड का?" त्यांनी विचारलं.

कारकुनाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण पुण्याच्या त्या कचेरीला कागद मीच पुरवायचो आणि तो महाग होता. ऑपरेटर छपाई मधेच थांबली तर छापलेला भाग फेकून द्यायचे नाहीत. तो कापून ठेवायचे, उरलेलं नंतर छापायचे आणि दोन्ही जोडायचे. मी दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन ऑपरेटरला गाठलं. त्याला आठवत होतं. आमच्या गावाची यादी छापत असताना साहेब आत आले होते. खाली जीप थांबली आहे, त्या दुसऱ्या गावाची यादी आधी द्या म्हणाले. म्हणून चालू काम रद्द केलं. रांगेत थांबलेलं त्या गावाचं काम लगेच सुरू झालं. आमच्या गावाची उरलेली नावं दुपारी छापली.

मास्तरांना एवढं पुरलं. "काम रद्द झालं तवा प्रिंटर ह्या माउलीच्या नावावर व्हता," ते म्हणाले. "नाव छापून झालं. आन तेवढ्यात त्याच्या हातातला खण कुणीतरी काढून घेतला आन दुसऱ्या गावाला दिला. पुढचं गाव आन नंबर त्यानं तितला छापला. माझा ड्रायव्हर असं करत न्हाई. कुणीतरी दुसरा हात मोजायचा सोडून दिलाय."

आम्ही परत वेल्ह्याला गेलो. कचेरीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती. मास्तर अव्वल कारकुनाला म्हणाले, "रावसाहेब, एक दोन मिनटं तुमी प्रिंटर व्हाल का?"

"काय व्हऊ?"

"प्रिंटर. म्या टेबलावर टिचकी मारीन, तुमी एक अक्षर वाचायचं. तेवढंच."

लोकांनी आग्रह केला. कारकून कुरकुरत तयार झाला. मास्तरांनी शिक्क्याच्या डबीचं झाकण उलटं ठेवलं, त्यात एक चिठ्ठी टाकली आणि टिचकी मारली.

"को," कारकून म्हणाला. टिचकी. "थिं."

मास्तरांनी झटक्यात चिठ्ठी उचलली, दुसरी टाकली. टिचकी. कारकून तिसऱ्या अक्षरावर होता, त्यानं तिथूनच पुढं वाचलं.

"पा." टिचकी. "प." टिचकी. "डी."

"कोथिंपापडी!" मागून कुणीतरी ओरडलं आणि ओटा हसायला लागला.

मास्तरांनी दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी ठेवल्या. एकीवर कोथिंबीर, दुसरीवर गुळपापडी. "रावसाहेब, तुमी चुकला का?"

"मी काय चुकलो? म्होरं आलं ते वाचलं."

"प्रिंटरनंबी तेच केलं. वरचं नाव ह्या बाईचं. गाव आन नंबर पुढच्या यादीच्या पहिल्या माणसाचा. जुळवून बघा."

कारकुनानं दुसऱ्या गावाची यादी काढली. पहिलीच ओळ. तेच गाव, तोच नंबर. माणूस काही वाईट नव्हता. त्यानं काकीचा मूळ अर्ज शोधला, तिचा खरा नंबर लिहिला, लाल रेघेवर सही केली. काकीनं मास्तरांच्या पाया पडायला वाकायला घेतलं तर ते दोन पावलं मागे सरकले. "मावशी, मी न्हाई काय केलं. तुमचंच तुमाला मिळालं."

पण कारकुनाला आपल्या दप्तरात कारण दाखवायचं होतं. यादीत चूक कशी झाली, असं त्यानं पुण्याला लेखी विचारलं. साहेबांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. त्याची नक्कल कारकुनानं मला आणि मास्तरांना दाखवली. वर मास्तरांचं पूर्ण नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं: "सदर दोष बाहेरील अल्पशिक्षित व्यक्तीने लिहिलेल्या प्रोग्राममधील असून, सदर व्यक्तीस यापुढे मशीनजवळ प्रवेश देण्यात येऊ नये."

अल्पशिक्षित. मास्तरांनी तो शब्द दोनदा वाचला. मग म्हणाले, "चला पुण्याला."

साहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. मास्तर म्हणाले, "माझे कागद बघायचेत."

"ते आता कार्यालयाच्या मालकीचे आहेत."

"मालकी तुमची. बघू तर द्याल?"

कागद टेबलावरच होते. मास्तरांनी हात पुढे केला आणि साहेबांनी आपला हात त्यावर ठेवला, पण वरचं पान मला दिसलं. मास्तरांची शाई, मधे लाल ओळी, निळ्या ओळी, आणि तीन ओळींवर हिरव्या शाईनं आडवी काट मारलेली. त्या तीन ओळी म्हणजे प्रिंटरचा हात उठला की नाही ते विचारणं. ते विचारणंच काढलं की खण अडकत नाहीत, म्हणून साहेबांचं मशीन "व्यवस्थित चालू" होतं. मास्तरांनीही पाहिल्या.

"ह्ये अक्षर तुमचंच ना?" साहेबांनी आवाज चढवला. त्यांच्या तोंडून तेवढ्यापुरतं आमच्यासारखं बोलणं निघालं. "हो की नाही?"

"अक्षर माझं हाय," मास्तर म्हणाले. "काट कुणाची हाय?"

साहेबांनी कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकले आणि किल्ली फिरवली. मी टेबलावर हात आपटला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मास्तर स्वतः चालत बाहेर आले. जिना उतरताना ते एकच वाक्य बोलले, आणि पहिल्यांदाच माझ्याशी शुद्ध मराठीत बोलले. "त्यांनी मला विचारलं असतं तर मी स्वतः सांगितलं असतं, कुठल्या ओळी बदलायच्या."

त्या वर्षी एका कॉलेजात गणिताच्या प्राध्यापकाची जागा निघाली होती. मास्तर मुलाखतीला गेले. समितीतल्या एकानं त्या उत्तराची नक्कल पुढे सरकवली आणि विचारलं, हे आपणच का? मास्तर म्हणाले, नाव माझं आहे, दोष माझा नाही. त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. पुरावा ड्रॉवरमध्ये होता. ती जागा दुसऱ्याला मिळाली. मास्तर शेवटपर्यंत भोरला शिकवण्या घेत राहिले. त्यांच्या हाताखालची मुलं इंजिनिअर झाली. मास्तरांच्या नावापुढं मात्र सरकारी कागदात तो एक शब्द राहिला, आणि तो त्यांच्या माघारीही तिथंच आहे.

साहेब निवृत्त झाले, सत्कार झाला. मला ठाऊक आहे, कारण मी त्या हॉलच्या दारापर्यंत गेलो होतो आणि मला आत सोडलं नाही. लोक मला म्हणतात, आता कशाला उकरता, बाईला जमीन मिळाली ना? मिळाली. ती मास्तरांनी मिळवून दिली. म्हणून तर त्यांच्यावर ठपका आला. ते गप्प बसले असते तर कुणी काही लिहिलंच नसतं.

माझ्या वाट्याचा जाब मी देतो. सहीच्या लोभानं कागद मी दिले, लिहून न घेता दिले. हे मी मास्तरांच्या तोंडावर कबूल केलं होतं, आज सगळ्यांसमोर करतो. आता साहेब, तुमची पाळी. तुम्ही हयात आहात, तुमचं डोकं शाबूत आहे, तुमचा पत्ता मला माहीत आहे. कागद जाळले असतील तर तसं सांगा. ठेवले असतील तर बाहेर काढा. त्या तीन ओळींवरची हिरवी काट कुणाची? एम.एस्सी. झालेल्या माणसाला अल्पशिक्षित कुणी लिहिलं, आणि कशावरून? तोंडी शब्द मला आता चालत नाही. उत्तर लेखी द्या, खाली सही करा, आणि ते उत्तर मला नको, भोरला मास्तरांच्या घरी पाठवा.